मे महिन्याची दुपार धरून बूस्ट ठरवा

भुसावळच्या एका तरुण मित्राचा प्रश्न थोडक्यात असा. त्याच्याकडे 2004 ची मारुती एस्टीम आहे, 1.3 लिटर पेट्रोल. मिनी कूपर एसमधून निघालेला जुना ईटन एम45 सुपरचार्जर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून आत जादा हवा दाबणारा पंप, यालाच ब्लोअर म्हणतात), एक ब्रॅकेट, दोन पाइप आणि पुली असं सामान ‘किट’ म्हणून त्याला मिळतंय. विकणारा सांगतो, 8 पीएसआय बूस्ट, म्हणजे वातावरणापेक्षा तेवढा जादा दाब, आरामात मिळेल. दिवाळीच्या सुट्टीत काकांच्या शेडमध्ये स्वतः बसवायचा बेत आहे. सुरुवात कुठून करू, एवढंच त्याला हवंय.

भाऊ, सुरुवात किट घेण्यापासून करू नका आणि दिवाळीत तर बसवूच नका. दोन्हीची कारणं सांगतो. उत्तर लांबेल, पण हे काम मी स्वतःच्या गाडीवर केलंय, त्यात एक इंजिन गमावलंय, म्हणून हात आखडता घेत नाही.

आधी कायद्याचं, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम 182अ आलं. मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय असा बदल लपवलेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारायला मोकळी. तेव्हा एमएच-19 ची पाटी लावून कन्नड घाटात फिरायचा विचार असेल तर आधी आरटीओत जाऊन लेखी विचारा, आणि नाही म्हणाले तर थांबा. माझी गाडी मी रस्त्यावरून काढली. ती शेतातल्या खासगी पट्टीवर आणि बंदिस्त स्पर्धेतच चालते, जाते-येते ती ट्रॉलीवर. पुढचं सगळं तशाच गाडीसाठी समजा.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे सुपरचार्जरचा बेत आखायचा तो मे महिन्यातल्या दुपारी तीनचा. भुसावळ-जळगावला पारा 45 च्या पुढे जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. हवा दाबली की ती तापते, आणि एम45 हा रूट्स प्रकारचा, म्हणजे दोन रोटरांनी हवा ढकलणारा ब्लोअर असल्याने जरा जास्तच तापवतो. त्याची कार्यक्षमता साधारण 60 टक्के धरून मी हिशोब मांडलाय. 45 अंशांची हवा 8 पीएसआयने दाबली तर ती सुमारे 70 अंशांनी तापते, म्हणजे ब्लोअरमधून 115 अंशांची हवा बाहेर पडते. तीच हवा 5 पीएसआयने दाबली तर सुमारे 91 अंश. आणि डिसेंबरमधल्या 12 अंशांच्या सकाळी पूर्ण 8 पीएसआय लावले तरी आकडा येतो 75 च्या आसपास. म्हणजे थंडीतल्या 8 पेक्षा आपल्या मे महिन्यातले 5 जास्त तापदायक. हे गणित एकदा कागदावर स्वतः करून पाहा. बहुतेक किट थंड देशातल्या हिशोबाने विकली जातात आणि खरेदीही दिवाळीच्या गारव्यात होते.

हवा इतकी गरम आत गेली की इंजिन नॉक मारतं. प्लगने ठिणगी दिली, ज्योत पसरायला लागली, आणि ती पोचण्याआधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप भडकलं, तर त्याला नॉकिंग म्हणतात. साध्या इंजिनात ते थोडंफार खपून जातं. बूस्ट असलेल्या इंजिनात काही सेकंदात पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते.

माझं तसंच झालं. जानेवारीत बसवलं, ट्यूनिंग केलं, गाडी मख्खन चालली. टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याची वेळ, एकदा जमलं म्हणून मी त्याला पुन्हा हात लावला नाही. मे महिन्यात पट्टीवर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिलं आणि एक्झॉस्टमधून निळा धूर आला. ज्वारीचे दाणे पत्र्याच्या डब्यात हलवावेत तसा नॉकचा आवाज असतो, पण ब्लोअरच्या शिट्टीखाली तो मला ऐकूच आला नव्हता. प्लग काढले. दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर काळ्या मिऱ्याच्या पुडीसारखे बारीक ठिपके होते, काही चकाकणारे. ते चकाकणारे ठिपके म्हणजे पिस्टनचं वितळून उडालेलं ॲल्युमिनियम. हेड उघडायच्या आधीच मला कळलं होतं. तेव्हापासून ट्यूनिंगच्या दिवशी मी ब्लॉकला तांब्याची नळी लावतो. नळीचं एक टोक ठोकून चपटं करायचं, भोक पाडून ब्लॉकच्या बोल्टखाली घट्ट करायचं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी जोडून ती कानावरच्या मफमध्ये आणायची. कान देऊन एक जण बसतो, दुसरा चालवतो. शिट्टी गाळली जाते आणि दाण्यांचा आवाज स्पष्ट येतो.

म्हणून तुमच्यासाठी माझा आकडा 5 पीएसआय, तोही इंटरकूलरसह, म्हणजे दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणाऱ्या जाळीसह. चांगल्या इंटरकूलरने 70 टक्के काम केलं तर मे महिन्यातली ती 91 अंशांची हवा 59 पर्यंत उतरते. त्याच्या खाली फार जाणार नाही, कारण बाहेरचीच हवा 45 ची आहे. इंटरकूलर एसीच्या कंडेन्सरमागे दडपू नका, समोर ताजी हवा लागेल अशीच जागा शोधा. आणि ब्लोअरला हवा बोनेटच्या आतली देऊ नका. उभ्या गाडीत तिथे सहज 60-70 अंश असतात. फिल्टरची नळी थेट ग्रिलपर्यंत न्या.

कंपन्यांनाही हा हिशोब चुकत नाही. ज्या मिनी कूपर एसमधून तुमचा ब्लोअर निघालाय, तिच्या 1.6 लिटर इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, 8.3 ला एक ठेवलं होतं, तर त्याच इंजिनाच्या बिनब्लोअर कूपरमध्ये ते 10.6 होतं. बोनेटवर हवा घेणारं तोंड होतं आणि इंटरकूलर कंपनीनेच दिला होता. तुमच्या एस्टीमचे पिस्टन मात्र साध्या इंजिनाचे आहेत, बूस्टसाठी बनवलेले नाहीत.

त्यातून पुलीचा प्रश्न येतो, आणि इथे विकणारा तुमचं नुकसान करेल. एम45 एका फेऱ्यात सुमारे 737 सीसी हवा ढकलतो. तुमचं 1298 सीसीचं इंजिन चार स्ट्रोकचं, म्हणजे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) एका फेऱ्यात जास्तीत जास्त 649 सीसी घेणार, प्रत्यक्षात त्याच्या 85 टक्के धरा. ब्लोअरमधली थोडी गळती, इंटरकूलरनंतरचं तापमान हे सगळं धरलं तर 5 पीएसआयसाठी ब्लोअर क्रँकच्या 1.1 ते 1.2 पट फिरला की पुरे. मिनीत तो क्रँकच्या सुमारे दुप्पट फिरायचा, कारण इंजिन मोठं होतं आणि बूस्टही जास्त हवा होता. ती छोटी पुली तशीच लावली तर तुमच्या 1.3 वर बूस्ट भलतीकडेच जाईल. मोठी पुली लेथवर काढून घ्यावी लागेल. क्रँकची पुली 130 मिमी असेल तर ब्लोअरची साधारण 110 ते 115 मिमी. हा अंदाज आहे. खरा आकडा गेजवर दिसेल, म्हणून पहिली पुली मोठी घ्या. बूस्ट कमी वाटला तर लेथवर एक मिलिमीटर उतरवता येतो, वाढवता येत नाही. आमच्या एमआयडीसीतले एक लेथवाले काका प्रत्येक जॉबच्या आधी म्हणायचे, ‘भो, पहिले मोज, मंग काप.’ पुलीच्या बाबतीत त्यांचं अक्षरशः ऐका.

किट घेण्याआधी जे करायचं ते आता. पहिलं म्हणजे इंजिनाची तब्येत. इंजिन गरम करून चारही प्लग काढा, पेट्रोल बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन गेजवर प्रत्येक सिलिंडर मोजा. चारातला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांच्यात 10 टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर बेत इथेच थांबवा. मग प्रत्येकात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. ऑइल घातल्यावर आकडा उसळला तर रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहा. 2004 ची गाडी आहे, तिने वीस वर्षं आपली धूळ खाल्लीय. झिजलेल्या इंजिनावर बूस्ट म्हणजे थकलेल्या बैलाला दुप्पट गाडी जुंपणं.

दुसरं, पाणी. आपल्याकडे एक वाईट सवय आहे: गाडी गरम होते म्हणून मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून फेकतो. तुमच्याही गाडीत तो नसण्याची दाट शक्यता आहे. उघडून बघा आणि नवा बसवा. तो नसला की थंडीत इंजिन तापायला वेळ लागतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल देत राहतो आणि ट्यूनिंगचा ताळमेळ बसत नाही. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घातलेलं असेल तर आत पांढरा थर धरलेला असतो. तो साफ करून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा. बाहेरूनही पाहा. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक रेडिएटरच्या फिनांमध्ये अडकलेले असतात, वरून धूळ बसली की नमद्यासारखे होतात. मागच्या बाजूने, कमी दाबाच्या हवेने काढा. इंटरकूलर पुढे लावाल तेव्हा तोच नमदा त्याच्यावर जमेल, तर दर आठवड्याला पाहावं लागेल.

तिसरं, ब्रेक. ताकद वाढवायच्या आधी थांबण्याची सोय. पॅड, डिस्क, ब्रेक ऑइल नवं, नळ्या तपासलेल्या. यावर चर्चा नको.

आता जागा. एस्टीमचं इंजिन आडवं बसलेलं आहे, जागा फार नाही. ब्लोअर हाती यायच्या आधी त्याची मापं विकणाऱ्याकडून मागवा आणि थर्माकोलचा तसाच ठोकळा कापा. तो जागेवर चिकटपट्टीने लावा, पुलीसाठी पुठ्ठ्याची चकती कापा. मग कणकेचे लिंबाएवढे गोळे ठोकळ्याच्या वर, बोनेटच्या बाजूला, पंख्याच्या बाजूला, स्टिअरिंगच्या भागाजवळ ठेवा आणि बोनेट हळू बंद करून उघडा. गोळा जिथे चपटा झाला तिथली जाडी व्हर्नियरने मोजा. इंजिन माउंटवर हलतं, गिअर टाकताना पुढे-मागे झोके घेतं, म्हणून 20 ते 25 मिमी जागा हवीच. माझ्या पहिल्या प्रयत्नात एका कोपऱ्यात कणीक कागदाएवढी पातळ झाली होती. ती थर्माकोलवर कळली म्हणून दहा रुपयांत निभावलं.

ब्रॅकेटवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. ब्लोअर दोन ठिकाणांहून तरी धरलेला हवा, एकाच बाजूला लटकलेला नको. प्लेट 10 ते 12 मिमी जाडीची घ्या. तिन्ही-चारही पुलींचे खाचे एका रेषेत, सरळ पट्टी लावून 1 मिमीच्या आत. तिरपा बेल्ट काळी पूड सोडतो आणि आठवड्यात कडेने उसवतो. ब्लोअरच्या पुलीवर बेल्टची पकड जवळपास अर्ध्या वर्तुळाएवढी तरी हवी, त्यासाठी आयडलर (बेल्ट वळवणारी मोकळी पुली) द्यावा लागला तर द्या. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) स्प्रिंगचा असेल तर उत्तम. तुम्हाला तयार मिळणारं ब्रॅकेट या एस्टीमसाठीच मापून केलंय का, हे विचारा. बहुतेक नसतं.

जुना ब्लोअर घेताना पुली हाताने फिरवा. एकसारखी फिरली पाहिजे, कुठे खरखर नको, रोटर एकमेकांना घासल्याच्या चकाकत्या रेषा नकोत. नाकाकडच्या भागातला खडखडाट म्हणजे कपलर किंवा बेअरिंग संपलंय. त्याच्या गिअरचं ऑइल वेगळं असतं, इंजिनाचं त्यात घालायचं नाही. बदलूनच बसवा.

पाइपांबद्दल एक गोष्ट जळगावकरांनाच सांगावी लागते. आपल्या गावात पीव्हीसी पाइप ढिगाने मिळतो, एल्बो, टी, रिड्यूसर सगळं एका दुकानात. इनटेकसाठी तो वापरण्याचा मोह होतो आणि मी वापरलेलाही पाहिलाय. पीव्हीसी 75-80 अंशांच्या आसपास मऊ पडतो. तुमची दाबलेली हवा 91 ची. ॲल्युमिनियम किंवा स्टीलचा पाइप घ्या, टोकाला आर्गन वेल्डिंगने छोटी कड उचलून घ्या, जोडायला सिलिकॉनची नळी आणि टी-बोल्ट क्लिप. ठिबकच्या नळीच्या क्लिपा बूस्टखाली सुटतात.

याच टप्प्यावर तीन बारीक नळ्या विसरल्या जातात. ब्रेक बूस्टरला जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळीत एकदिशा व्हॉल्व्ह चांगला हवा, नाहीतर बूस्टचा दाब ब्रेक बूस्टरमध्ये शिरेल. क्रँककेसच्या वाफेची नळी, म्हणजे पीसीव्ही, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्याच्या) बाजूने एकदिशा करून दुसरी बाजू ब्लोअरच्या आधी जोडा. तसं नाही केलं तर दाब क्रँककेसमध्ये जाऊन सील उडवतो. टाकीच्या वाफेच्या पर्ज लाइनलाही तीच काळजी. आणि बायपास व्हॉल्व्ह जोडायला विसरू नका. थ्रॉटल सोडल्यावर हवा ब्लोअरभोवतीच फिरत राहावी, उगाच दाबून तापू नये, यासाठी तो असतो.

इंधनाचं गणित लहान आहे. तुमच्या इंजिनाचे 85 एचपी या बूस्टने 105 ते 110 च्या घरात जावेत. जास्त धरू नका, ब्लोअर स्वतः फिरायलाच क्रँकमधून ताकद घेतो. 110 एचपीला, दर एचपीमागे मिनिटाला साधारण 6.3 सीसी पेट्रोल धरलं तर 693 सीसी. चार इंजेक्टर, ते 80 टक्के वेळच उघडे ठेवायचे, म्हणजे प्रत्येकी 217 सीसी. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलला हवेच्या प्रमाणात इंधन जास्त लागतं, म्हणून आणखी नऊ-दहा टक्के. तेव्हा 240 सीसी किंवा किंचित वरचे इंजेक्टर, आणि दाब न पाडणारा पंप. 2004 च्या रबरी नळ्या इथेनॉलसाठी केलेल्या नाहीत, त्या सगळ्या बदला. बूस्टखाली पेट्रोल कमी पडणं हे इंजिन मारण्याचं दुसरं कारण. ट्यूनिंग रावेर-यावलच्या कोणत्याही पंपावर मिळेल अशाच पेट्रोलवर करा. 100 ऑक्टेनचं पेट्रोल मोजक्याच शहरांत मिळतं, त्यावर केलेलं ट्यूनिंग इथे घात करेल.

मूळ ईसीयूला वातावरणाच्या वरचा दाब कळत नाही. त्याचा मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर, तिथे जाऊन थांबतो आणि पुढे तो अंधारात पेट्रोल देतो. जुन्या काळी दाबावर चालणारा रेग्युलेटर लावून भागवायचे. मी तो सल्ला देणार नाही. प्रोग्रॅम करता येणारा स्वतंत्र ईसीयू, 2.5 बारचा मॅप सेन्सर, इंटरकूलरनंतर लावलेला हवेच्या तापमानाचा सेन्सर आणि वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, हे चार घेतल्याशिवाय ब्लोअरचा बेल्ट लावू नका. बूस्टखाली लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; एकपेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त) 0.78 ते 0.80. टायमिंग दर पीएसआयमागे क्रँकच्या फिरण्याचा एक अंश मागे घेऊन सुरुवात करा. आणि माझ्या इंजिनाने शिकवलेली गोष्ट: तापमान वाढेल तसं टायमिंग आपोआप मागे घेणारं टेबल भरा. मी आत येणारी हवा 50 च्या वर गेली की दर 6 अंश तापमानाला टायमिंगचा एक अंश काढतो, 75 ला बूस्टच तोडतो. प्लग एक पायरी थंड घ्या, गॅप 0.7 मिमी. एनजीकेत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये उलटं, दुकानात गोंधळ होतो.

आता वेळापत्रक. दिवाळीत कॉम्प्रेशन, रेडिएटर, ब्रेक आणि थर्माकोल. डिसेंबर-जानेवारीत आधी नवा ईसीयू आणि इंजेक्टर बसवून गाडी बिनब्लोअर नीट चालवा. यात लोक घाई करतात. ईसीयू आणि ब्लोअर एकाच दिवशी बसवले की बिघाड कुणाचा ते कळत नाही. फेब्रुवारीत ब्रॅकेट, ब्लोअर, पाइप. चालू करायच्या आधी इनटेकचं तोंड बंद करून 5 पीएसआय हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसले की क्लिप पुन्हा. पहिला अर्धा तास चालवून बेल्ट परत ताणा. मार्चमध्ये कमी बूस्टवर ट्यूनिंग, जमलं तर गाडी ट्रॉलीवर घालून पुण्याला डायनोवर, म्हणजे जागेवरच ताकद मोजणाऱ्या यंत्रावर. आणि मे महिन्यात, दुपारी, कानाला तांब्याची नळी लावून शेवटचं टायमिंग. त्या दिवशी जे जमेल ते वर्षभर चालेल.

पैशाचं एवढंच सांगतो की माझ्या अनुभवात ब्लोअरला एक रुपया लागला तर बाकी सामान, लेथ, वेल्डिंग आणि ट्यूनिंगला दोन ते तीन लागतात. तेवढे बाजूला नसतील तर ब्लोअर घेऊन कोपऱ्यात ठेवू नका, पडून राहिल्याने त्याचे बेअरिंग गंजतात.

विकणाऱ्याला तूर्त होकार देऊ नका. गेज आणा, चारही सिलिंडरचे कोरडे आणि ऑइल घातल्यानंतरचे आकडे, क्रँक पुलीचा व्यास आणि थर्माकोलवरच्या कणकेची मापं कळवा. त्यावरून पुली नक्की किती मिलिमीटरची काढायची ते मांडून देतो.